आधी विमान जातं

वैमानिकांचा तुटवडा आहे, परदेशातून कॅप्टन आणावे लागत आहेत, अशी बातमी आपल्याकडे दर वर्षा-दोन वर्षांनी छापून येते. कर्ज काढून परवाना मिळवलेली मुलं नोकरीविना घरी बसली आहेत, ही बातमीही तितक्याच नेमाने येते. गंमत म्हणजे दोन्ही खऱ्या असतात. अमेरिकेत २०२० साली तर याहून चमत्कारिक प्रकार घडला. कोरोनामुळे प्रवासी आटले तेव्हा डेल्टा या कंपनीने हिशेब मांडला, की सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत आपल्याकडे गरजेपेक्षा सुमारे ७,००० वैमानिक जादा होतील. तिचे एकूण वैमानिक होते १४,००० च्या आसपास, म्हणजे दोघांतला एक जादा. तरीही त्या मंदीत या कंपनीने एकाही वैमानिकाला सक्तीने घरी बसवलं नाही. उलट ज्यांना उडवायला विमानं नव्हती अशा वैमानिकांना नव्याने शिकवण्याचं काम मात्र अंगावर येऊन पडलं. काम नाही, माणसं जास्त, आणि शिकवण्या चालू!

ही कोडी प्रवाशांच्या आकड्यांवरून सुटत नाहीत. मंदी आली की प्रवासी घटतात आणि प्रवासी घटले की नोकऱ्या जातात, हे हॉटेलच्या धंद्यात बरंचसं खरं आहे. विमानाच्या धंद्यात मध्ये आणखी एक पायरी असते, ती म्हणजे ताफा. कंपनी आधी ठरवते की कोणती विमानं ठेवायची आणि कोणती काढायची. कोणता वैमानिक राहील हे त्यातून ठरतं. म्हणून एखाद्या वैमानिकाची नोकरी किती पक्की आहे हे पाहायचं असेल, तर कंपनीच्या नफ्या-तोट्याआधी तिच्या ताफ्याची यादी पाहावी. हे असं का होतं, ते समजून घ्यायला सुरुवात परवान्यापासून करावी लागते.

परवाना एक, विमान ठरलेलं

व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी आपल्याकडे किमान २०० तासांचं उड्डाण लागतं. बारामतीला किंवा गोंदियाजवळच्या बिरसीच्या धावपट्टीवर शिकणारा विद्यार्थी हे तास एका किंवा दोन इंजिनांच्या छोट्या विमानांवर पुरे करतो. पण तेवढ्यावर त्याला कुणी प्रवासी जेटच्या कॉकपिटमध्ये बसवत नाही. मोठ्या विमानाच्या प्रत्येक प्रकारासाठी वेगळं प्रशिक्षण, वेगळी परीक्षा आणि परवान्यावर वेगळी नोंद लागते. तिला टाइप रेटिंग म्हणतात. त्यात आधी वर्गातला अभ्यास, मग सिम्युलेटरवर, म्हणजे हुबेहूब कॉकपिट असलेल्या हलत्या यंत्रावर, इंजिन पेटण्यापासून चाकं न उघडण्यापर्यंत सगळी संकटं हाताळण्याचा सराव, आणि शेवटी प्रत्यक्ष प्रवासी विमानात प्रशिक्षक कॅप्टनच्या नजरेखाली उड्डाणं. एवढ्यात काही महिने सहज जातात. स्वतःच्या खिशातून करायचं तर खर्च लाखांत.

हा निव्वळ कागदी सोपस्कार नाही. बोइंग ७३७ मध्ये प्रत्येक वैमानिकाच्या दोन गुडघ्यांमधून जाडजूड कंट्रोल कॉलम वर आलेला असतो. एकाने आपला ओढला की दुसऱ्याचाही तेवढाच मागे येतो. इंजिनांची ताकद स्वयंचलित यंत्रणेकडे दिली की थ्रस्टचे दांडे आपसूक पुढे-मागे सरकतात, आणि ट्रिम बदललं की गुडघ्याजवळचं त्याचं चाक खडखड करत फिरतं. म्हणजे विमान काय करतंय हे हाताला, कानाला कळत राहतं. एअरबस ए३२० मध्ये समोर कॉलमच नाही. त्या जागी जेवणाचं फळकुट बाहेर ओढता येतं. बाजूला मुठीएवढी साइडस्टिक. दोघांच्या स्टिक एकमेकींना जोडलेल्या नाहीत, थ्रस्टचे दांडे एका खाचेत बसवले की तिथेच राहतात, आणि विमान ठरावीक मर्यादेपलीकडे कलंडू लागलं तर संगणक वैमानिकालाच अडवतो. वीस वर्षं ७३७ उडवलेल्या कॅप्टनला इथे नव्याने शिकावं लागतं ते ज्ञान कमी पडतं म्हणून नाही; हाताला लागलेल्या सवयी मोडायच्या असतात म्हणून.

काही विमानांची मात्र कुटुंबं असतात. ए३१९, ए३२० आणि ए३२१ ही तिन्ही एकाच रेटिंगवर उडवता येतात. बोइंगची ७५७ आणि ७६७ दिसायला वेगळी असली तरी त्यांचं रेटिंग सामायिक आहे. ही कुटुंबं लक्षात ठेवावीत, कारण मंदीत कोण तरेल हे पुष्कळदा त्यांच्यावरच ठरतं. इंडिगोने २०२० मध्ये जुनी ए३२० परत करून नव्या इंजिनांची ए३२० निओ ठेवण्याचा वेग वाढवला. ताफा बदलला, पण रेटिंग तेच राहिल्यामुळे त्या अदलाबदलीपायी कुणाला पहिल्यापासून शिकावं लागलं नाही.

रेटिंग एकदा मिळालं म्हणून कायमचं टिकतही नाही. गेल्या ९० दिवसांत किमान तीन उड्डाणं आणि तीन अवतरणं केली नसतील, तर वैमानिकाला प्रवाशांसह विमान नेता येत नाही. तो खाडा आधी भरून काढावा लागतो. मे २०२० मध्ये दक्षिण कोरियाच्या आशियाना कंपनीवर तर पाचशेच्या आसपास आसनांचं ए३८० विमान एकही प्रवासी न घेता आकाशात फिरवायची वेळ आली. विमानतळ ओस पडले होते, सिम्युलेटर दुसऱ्या देशात होता आणि सीमा बंद होत्या. वैमानिकांची अवतरणं मोजून घेण्यासाठी जगातलं सर्वांत मोठं प्रवासी विमान रिकामं उडालं.

चौकट: एका विमानामागे किती वैमानिक?

देशांतर्गत मार्गावरचं ए३२० दिवसाला साधारण १२ तास हवेत असतं असं धरू. वर्षाचे झाले ४,३८० तास. कॉकपिटमध्ये दोन खुर्च्या, म्हणजे ८,७६० वैमानिक-तास. नियमाने एका वैमानिकाला वर्षात १,००० तासांपेक्षा जास्त उडता येत नाही. रजा, प्रशिक्षण, आजारपण आणि राखीव दिवस धरले तर प्रत्यक्षात ८०० च्या आसपास पडतात. ८,७६० ला ८०० ने भागलं की उत्तर येतं ११. म्हणजे छोटं विमान एक, वैमानिक अकरा.

आता लांब पल्ल्याचं मोठं विमान. ते दिवसाला १४ तास उडतं आणि फार लांबच्या फेरीत आळीपाळीने झोप घेता यावी म्हणून चार वैमानिक नेतं. १४ गुणिले ३६५ गुणिले ४, भागिले ८००: उत्तर येतं २५ च्या वर. मोठं विमान एक, वैमानिक पंचवीस. मंदीत सर्वांत आधी परदेशी प्रवास थंडावतो, आणि एक मोठं विमान उभं राहिलं की दोन छोट्या विमानांइतकी माणसं मोकळी होतात.

जुनं, फिटलेलं आणि एकटं पडलेलं

मंदीत कोणतं विमान आधी जाईल? जुनं, असं उत्तर कुणीही देईल आणि ते बहुतेक वेळा बरोबरही असेल. पण कारण वयापेक्षा हिशेबात आहे. भाड्याने घेतलेल्या नव्या विमानाचा हप्ता ते उडो की उभं राहो, द्यावाच लागतो. वीस-पंचवीस वर्षांचं, कर्ज फिटलेलं विमान उभं केलं तर हप्त्याचा प्रश्नच नाही. शिवाय अशा विमानाची मोठी तपासणी बहुधा जवळ आलेली असते. ठरावीक वर्षांनी विमानाच्या आतली आसनं, फळ्या, तक्ते सगळं उचकटून सांगाड्यापर्यंत पाहावं लागतं. त्यात आठवडेच्या आठवडे आणि कोट्यवधी रुपये जातात. ज्या वर्षी तिजोरीत रोकड नाही, त्या वर्षी हा खर्च टाळायचा सोपा मार्ग म्हणजे विमानच काढून टाकणं.

मग निम्मी विमानं काढून निम्मी का ठेवत नाहीत? कारण एक प्रकार सांभाळायचा ठरलेला खर्च असतो. त्याचा सिम्युलेटर, त्याचे प्रशिक्षक, सुट्या भागांचं कोठार, त्या प्रकाराचा परवाना असलेले अभियंते आणि ऐनवेळी कुणी आजारी पडलं तर लागणारे राखीव वैमानिक. अठरातली नऊ विमानं काढली म्हणून हा खर्च निम्मा होत नाही. म्हणून मंदीत कंपन्या सगळीकडून थोडं थोडं कापत नाहीत, अख्खा प्रकारच बाद करतात. डेल्टाने जून २०२० मध्ये एमडी-८८ आणि एमडी-९० ही जुनी विमानं निवृत्त केली, हे अपेक्षितच होतं. पण त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर तिने आपली सगळी, म्हणजे अठराच्या अठरा बोइंग ७७७ काढली. ती काही मोडकळीला आलेली नव्हती. ताफ्यात त्यांची संख्या लहान होती आणि तेच काम करणारी नवी ए३५० हाताशी होती, म्हणून ती गेली. ब्रिटिश एअरवेजने जुलैत ३१ जंबो जेट एका घोषणेत बंद केली. एअर फ्रान्सने मे महिन्यातच ए३८० ला निरोप दिला. २०२० मध्ये तेल स्वस्त होतं. जुनी, इंधनखाऊ विमानं चालवायला खरं तर तेच वर्ष बरं. तरीही ती गेली, यावरून इंधनापेक्षा हा ठरलेला खर्च किती जाचतो ते दिसतं.

पंगतीतली चार पानं उचलली तर

आता माणसांकडे येऊ. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांत प्रत्येक वैमानिकाला रुजू झाल्या दिवशी एक क्रमांक मिळतो. त्याला सीनियॉरिटी नंबर म्हणतात. कोणतं विमान, डावी म्हणजे कॅप्टनची खुर्ची की उजवी म्हणजे फर्स्ट ऑफिसरची, कोणतं शहर, दिवाळीएवढ्या महत्त्वाच्या नाताळात सुट्टी की ड्युटी, सगळं या क्रमांकावर ठरतं. मंदीत कुणाला काढायचं हेही त्यावरच: शेवटी आला तो आधी जाणार. त्याला फर्लो म्हणतात. पगार बंद, पण नाव यादीत कायम, आणि कामं वाढली की त्याच क्रमाने परत बोलावणं.

पण जे विमान बंद झालं त्याचे वैमानिक यादीच्या तळाशी नसतात. डेल्टाच्या ७७७ चे कॅप्टन तर यादीच्या अगदी वरच्या टोकाचे. इथे जेवणाच्या पंगतीचं चित्र डोळ्यांपुढे आणावं. मानाच्या रांगेतली चार पानं कुणी उचलली, तर तिथले वडीलधारे उपाशी उठत नाहीत. ते शेजारच्या पानावर सरकतात, तिथला त्याच्या पुढच्यावर, असं होत होत रांगेच्या टोकाला नुकताच येऊन बसलेला पोरगा उठतो. आणि उष्ट्या पानावर कुणी जेवत नसल्याने सरकलेल्या प्रत्येकासाठी पान नव्याने मांडून मिठापासून वाढावं लागतं. ७७७ चा कॅप्टन ए३३० वर जातो, ए३३० चा कॅप्टन छोट्या विमानावर, तिथला धाकटा कॅप्टन उजव्या खुर्चीत, आणि शेवटी तळचा फर्स्ट ऑफिसर बाहेर. एक माणूस कमी करायला तीन-चार जणांना नव्याने शिकवावं लागतं. शिकत असताना त्यांना पगार पुरा आणि उत्पन्न शून्य. सिम्युलेटर मोजके, ते दिवसरात्र चालवले तरी ही सरकासरकी महिनोन्‌महिने पुरते.

यातली मेख अशी की, बाहेर जातो तो सर्वांत कमी पगाराचा आणि आत राहतात ते सर्वांत महागडे. मंदी वर्षभरात ओसरणार असेल, तर वाचलेल्या पगारापेक्षा शिकवणीचा खर्च जास्त होतो आणि सरकासरकी संपते न संपते तोच ती उलट दिशेने सुरू करावी लागते. म्हणून डेल्टाने पंगत वरच्या टोकाकडून हलकी केली. ज्येष्ठांना पैसे देऊन लवकर निवृत्त व्हायला सांगितलं. सुमारे १,८०० जणांनी ते मान्य केलं. उरलेल्यांना हमीचे तास कमी दिले. ऑगस्टमध्ये १,९०० हून अधिक जणांना फर्लो करण्याची घोषणा झाली होती. नोव्हेंबरअखेरच्या कराराने ती वेळ टळली.

यावर कुणी म्हणेल, यात कंपनीची हुशारी कसली, सरकारने पैसे दिले म्हणून नोकऱ्या वाचल्या. आक्षेपात तथ्य आहे. अमेरिकी सरकारने प्रवासी कंपन्यांच्या पगारांसाठी २५ अब्ज डॉलर बाजूला काढले आणि अट घातली, की ३० सप्टेंबर २०२० पर्यंत कुणाला सक्तीने काढायचं नाही. अमेरिकन एअरलाइन्सने १ ऑक्टोबरला सुमारे १,६०० वैमानिक फर्लो केले आणि डिसेंबरअखेर मदतीचा दुसरा हप्ता मंजूर झाल्यावर परत बोलावले. तिथे सरकारी पैशाचाच हात होता. पण डेल्टाचा करार झाला तेव्हा पहिली अट संपून दोन महिने होत आले होते आणि दुसरी मदत अजून मंजूर व्हायची होती. मधल्या काळात वैमानिकांना काढायला तिला कायद्याने कुणी अडवत नव्हतं. अडवत होता तो हिशेब.

हिशेब नेहमी वैमानिकाच्या बाजूने पडतो असं मात्र नाही. जुलै २००८ मध्ये तेल पिंपामागे १४७ डॉलरवर गेलं आणि पाठोपाठ मंदी आली. युनायटेडने जूनमध्येच जाहीर केलं होतं, की आपली सगळी ९४ बोइंग ७३७ आणि सहा ७४७ निवृत्त होणार. ही तात्पुरती ओहोटी नव्हती. ७३७ हा प्रकारच तिच्या ताफ्यातून पुसला जाणार होता. चौकटीतला आकडा इथे लावून पाहा. ९४ गुणिले ११ म्हणजे १,०३४, आणि सहा मोठी विमानं गुणिले २५ म्हणजे १५०. बेरीज १,१८४. त्या फेरीत युनायटेडने प्रत्यक्षात फर्लो केले १,४३७ वैमानिक. आकडे तंतोतंत जुळत नाहीत, जुळायचं कारणही नाही. बाकीच्या विमानांच्या फेऱ्याही कमी झाल्या होत्या. पण विमानं मोजून माणसांचा अंदाज इतका जवळ येतो, हे पुरेसं बोलकं आहे.

त्या १,४३७ जणांवर आणखी एक गोष्ट उलटली, आणि तिचा मंदीशी काही संबंध नव्हता. डिसेंबर २००७ मध्ये अमेरिकेने वैमानिकांचं निवृत्तीचं वय ६० वरून ६५ केलं. ज्येष्ठांसाठी ही मोठीच भेट. पण त्यामुळे पुढची पाच वर्षं वरच्या टोकाचं कुणी वयोमानाने उठेना. विमानं कमी झाली आणि वरून उठणारेही थांबले. दोन्ही भार एकाच वेळी तळावर आले. एरवी ज्याला बढती मिळायची, तो वर्षानुवर्षं उजव्या खुर्चीत राहिला किंवा रस्त्यावर.

क्रमांकाऐवजी कौशल्य का नाही?

नुसत्या रुजू झाल्याच्या तारखेवरून माणसं काढणं हा अन्याय आहे, असं वाटणं साहजिक आहे. चांगला ठेवावा, सुमार काढावा. पण वैमानिकाचं काम मोजण्याची रीतच वेगळी. दर सहा महिन्यांनी सिम्युलेटरवर परीक्षा होते आणि तिचा निकाल पास किंवा नापास एवढाच असतो. नापास झाला तो उडतच नाही. उरले ते सगळे सुरक्षित, आणि त्यांतला अधिक सुरक्षित कोण हे ठरवायला प्रामाणिक माप नाही. कंपनीच्या हाती दुसरी मापं असतात: कोण इंधन कमी भरतो, कोण खराब हवामानातही उड्डाणाला नाही म्हणत नाही, कोण थकवा आल्याचं कळवत नाही. मंदीत नोकरी टिकवायला या मापांचा धाक असेल, तर कॅप्टन वादळापुढे विमान वळवताना दोनदा विचार करील. क्रमांकाची पद्धत बोथट आहे, पण हा धाक ती घालू देत नाही.

तिची खरी किंमत दुसरीकडे आहे. क्रमांक कंपनीबाहेर चालत नाही. १९९१ मध्ये आधी ईस्टर्न आणि मग पॅन ॲम बंद पडल्या तेव्हा आयुष्यभर जेट उडवलेले कॅप्टन दुसऱ्या कंपनीत यादीच्या तळाशी, उजव्या खुर्चीत जाऊन बसले. कंपनी तगली तर क्रमांक ही सर्वांत मोठी मिळकत; कंपनी बुडाली तर तो नुसता आकडा.

आपल्याकडची तऱ्हा

भारतात अनुभवी कॅप्टन कमी आहेत, त्यामुळे एका कंपनीचा कॅप्टन दुसऱ्या कंपनीत थेट कॅप्टन म्हणून रुजू होऊ शकतो. क्रमांकाचा जाच इथे तेवढा नाही. पण एक अट असते: रेटिंग जुळलं पाहिजे. अमेरिकी वैमानिकाची मिळकत त्याच्या क्रमांकात, तर आपल्या वैमानिकाची त्याच्या विमानाच्या प्रकारात. दुसरा फरक असा, की आपल्याकडची मोठी संकटं क्रमाक्रमाने फर्लो करून आली नाहीत, अख्खी कंपनी कोसळून आली. किंगफिशर २०१२ मध्ये, जेट २०१९ मध्ये, गो फर्स्ट २०२३ मध्ये.

यांतल्या शेवटच्या दोन शेजारी ठेवून पाहाव्यात. जेट एअरवेजचं शेवटचं विमान १७ एप्रिल २०१९ च्या रात्री अमृतसरहून मुंबईला उतरलं. तिच्या ताफ्यात बहुसंख्येने बोइंग ७३७. विमानं बहुतेक भाड्याची. भाडं थकलं तशी मालकांनी ती परत मागायला सुरुवात केली होती. त्यातच आदल्या महिन्यात ७३७ मॅक्स जगभर जमिनीवर आणलं गेलं होतं, म्हणजे ७३७ चं रेटिंग असलेल्यांसाठी खुर्च्या आधीच घटलेल्या. सुदैव त्यांचं, जे स्पाइसजेटने उचललेल्या जेटच्याच जुन्या ७३७ विमानांबरोबर तिकडे गेले. नाव बदललं, रंग बदलला, खुर्ची तीच. बाकीच्यांना ए३२० शिकून पुन्हा सुरुवात करणं, परदेश गाठणं किंवा वाट पाहणं हेच मार्ग उरले. ७७७ च्या वैमानिकांना तर देशात तो प्रकार उडवणारी एअर इंडिया ही एकच कंपनी उरली होती.

गो फर्स्टने २ मे २०२३ रोजी दिवाळखोरीचा अर्ज केला आणि दुसऱ्या दिवसापासून उड्डाणं थांबवली. प्रॅट अँड व्हिटनीच्या इंजिनांअभावी आपला जवळपास निम्मा ताफा उभा आहे, असं तिचं म्हणणं होतं. ताफा सगळा ए३२० चा. देशातल्या दोन वाढत्या कंपन्या, इंडिगो आणि एअर इंडिया, दोघींकडे ए३२० कुटुंब. गो फर्स्टचे वैमानिक इतक्या झपाट्याने उचलले गेले, की कंपनी पुन्हा उभी करू पाहणाऱ्यांना त्यांना थांबवण्यासाठी जादा भत्ता देऊ करावा लागला.

ही तुलना सरळ नाही हे कबूल. २०२३ मध्ये कोरोनानंतरची मागणी उसळलेली होती. पण २०१९ मध्येही, वर्षाचा हिशेब धरला तर, देशांतर्गत प्रवासी घटलेले नव्हते, वाढलेच होते. जेटने मोकळी केलेली जागा इंडिगो भरत होती. म्हणजे दोन्ही वेळा आकाशात काम होतं. पहिल्या वेळी ते एअरबसमध्ये होतं आणि माणसं बोइंगची होती.

कंपनी कोसळली की थकलेल्या पगाराचं काय होतं, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. एवढंच सांगतो, की तिथे वैमानिक बँका आणि इतर देणेकऱ्यांबरोबर रांगेत असतो आणि विमानाचा मालक रांगेबाहेर. ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने विमानं आणि इंजिनं दिवाळखोरीतल्या स्थगितीतून वगळली, आणि एप्रिल २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने गो फर्स्टच्या ५४ विमानांची नोंदणी रद्द करण्याचा आदेश दिला. मालकाला विमान लवकर परत मिळतं म्हणून भाडं स्वस्त होतं, कंपन्या जास्त विमानं घेऊ शकतात, असं या नियमाचं समर्थन करतात, आणि चांगल्या दिवसांत ते पटण्यासारखं आहे. वाईट दिवसांत मात्र बंद पडलेली कंपनी सावरण्याआधी विमानं उडून गेलेली असतात. मग कंपनीला नवा मालक मिळाला तरी वैमानिकाच्या हाताला काय देणार?

कंपनीने वैमानिकाला बांधून ठेवायचे नियम आपल्याकडे आहेतच. २०१७ पासून नोकरी सोडायची तर कॅप्टनला वर्षभर आणि फर्स्ट ऑफिसरला सहा महिने आधी कळवावं लागतं. तेजीत ही मुदत कंपनीला सांभाळते. पण गो फर्स्टसारखी कंपनी एका दिवसात उड्डाणं थांबवते तेव्हा वैमानिकाला सांभाळणारी तशी मुदत कुठे दिसत नाही. ही तफावत मला खटकते.

तुटवडा आहे ना, मग भीती कसली?

शेवटचा आक्षेप सर्वांत जोरदार आहे. जग वैमानिकांसाठी वखवखलेलं आहे; डेल्टाने ज्यांना पैसे देऊन घरी पाठवलं त्यांची उणीव दोन वर्षांत भासू लागली, २०२२ च्या उन्हाळ्यात वैमानिक कमी पडून अमेरिकेत उड्डाणं रद्द झाली, आणि मार्च २०२३ मध्ये डेल्टाला चार वर्षांत एकूण ३४ टक्के पगारवाढ मान्य करावी लागली. लुफ्तान्साने कायमची मोडीत काढल्यासारखी ठेवलेली ए३८० विमानं २०२३ मध्ये परत आणली आणि त्यांच्यासाठी माणसं पुन्हा तयार केली. इंडिगोने जून २०२३ मध्ये ५०० विमानं मागवली, एअर इंडियाने त्याआधी फेब्रुवारीत ४७०. मग मंदीची चिंता कशाला?

या आक्षेपात तुटवडा हा शब्द सरसकट वापरला जातो, आणि घोळ तिथेच होतो. तुटवडा असतो तो अमुक प्रकारच्या, अमुक तास झालेल्या कॅप्टनचा. दोनशे तासांचा नवा परवानाधारक त्या तुटवड्यात मोजलाच जात नाही. त्याला कॅप्टन करायला वर्षं लागतात, आणि ती वर्षं त्याला कुणाच्या तरी विमानातच काढावी लागतात. विमान न मिळालं तर तास वाढत नाहीत. पहिल्या परिच्छेदातल्या दोन बातम्या एकाच वेळी खऱ्या कशा, त्याचं उत्तर हेच.

मागवलेली विमानं म्हणजे आलेली विमानं नव्हेत, हेही लक्षात घ्यावं लागतं. अकासा एअर ऑगस्ट २०२२ मध्ये सुरू झाली, सगळा ताफा बोइंग ७३७ मॅक्सचा. पुढे येणाऱ्या विमानांचा अंदाज धरून तिने वैमानिक आधीच घेतले. मग जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेत एका मॅक्सच्या धडाचा दारासारखा तुकडा हवेत असताना निखळला. अमेरिकी नियामकाने बोइंगच्या उत्पादनावर मर्यादा घातली, सप्टेंबरपासून तिथल्या कामगारांचा संप झाला, आणि विमानं यायची लांबली. २०२५ च्या सुरुवातीला भारतात प्रवासी भरपूर होते, भाडी चढी होती, कंपनी चालू होती, मंदीचं नाव नव्हतं. आणि अकासाचे कित्येक वैमानिक, रेटिंग हातात असूनही, आपली विमानं सिएटलहून कधी निघतात याची वाट पाहत घरी बसले होते.